कायदा, औषध आणि अंतर : यवतमाळ जिल्ह्यातील कुमारिकांच्या गर्भनिरोधनाचा प्रश्न

समागमानंतर ठरावीक तासांच्या आत घेतली असता बहुतांशी गर्भधारणा टाळणारी गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकत मिळते. ती घेणाऱ्या स्त्रीचे वय काय असावे, ती विवाहित असावी की अविवाहित, तिच्यासोबत पालक असावा की नसावा, ह्यांविषयी विक्रीच्या नियमांत कोणतीही अट नाही. असे असता, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी, मारेगाव व केळापूर ह्या तालुक्यांतील कुमारी मातांचा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पुनःपुन्हा वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात चर्चिला गेला. कायद्याने जी वस्तू मोकळी आहे ती वस्तुस्थितीत का पोचत नाही, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. अज्ञान व दारिद्र्य ही त्याची नेहमीची उत्तरे होत. ती खोटी नाहीत, परंतु अपुरी आहेत. अविवाहित अल्पवयीन मुलीकडे राज्यसंस्थेने व समाजाने गेल्या दीडशे वर्षांत कोणत्या दृष्टीने पाहिले, तिला कोणत्या नोंदवहीत स्थान दिले व कोणत्या नोंदवहीतून वगळले, ह्याचा इतिहास पाहिल्यावाचून ह्या प्रश्नाचा उलगडा होत नाही. प्रस्तुत निबंधात तो इतिहास यवतमाळ जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. जिल्हा व त्याचा मुलूख

निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्या प्रांताच्या आग्नेय भागाचा जिल्हा १८६४ मध्ये अस्तित्वात आला. तो काही काळ वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका ह्या जिल्ह्यास जोडण्यात आला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाड हा तांत्रिक दृष्टीने निजामाचाच मुलूख असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. त्यांसाठी स्वतंत्र हुकूम काढावे लागत. १९५६ मध्ये हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आज त्यात सोळा तालुके असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होते.

जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत गोंड, परधान व कोलाम ह्यांची वस्ती विशेष आहे. रसेल व हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोलाम ही मुख्यत्वे यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील जमात म्हणून नोंदलेली आहे. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष मागास ठरविले, त्यांत कातकरी व माडिया गोंड ह्यांच्यासह कोलामांचा समावेश होतो. कोलामांची वस्ती गावाच्या शिवेपासून दूर, रानाच्या कडेला, लहान लहान पोडांमध्ये असते. पैनगंगेच्या पलीकडे पूर्वीचा आंध्र प्रदेश व २०१४ पासून तेलंगण लागतो. ह्या सीमेवरून शेती मक्त्याने करणारे, ठेकेदार, व्यापारी आणि त्यांची माणसे यांची ये-जा जुनी आहे. कापूस व मिरची ह्यांच्या हंगामात पोडावरील मुली मजुरीस जातात, आणि कुमारी मातांच्या ज्या हकीकती प्रसिद्ध झाल्या त्यांपैकी पुष्कळांत लग्नाचे वचन देऊन पुढे निघून गेलेला पुरुष हा ह्याच वर्गातील होता. तेव्हा हा प्रश्न केवळ वयाचा नाही. जमीन, मजुरी आणि सीमा ह्यांच्याशी तो आरंभापासून निगडित आहे.

२. कुमारिका : कायद्यातील एक नवी व्यक्ती

एकोणिसाव्या शतकातील कायदेपंडितांना अविवाहित तरुण मुलगी हा प्रश्न म्हणून फारसा ठाऊक नव्हता, कारण ज्या वर्गांतून ते आले होते त्या वर्गांत मुलीचे लग्न ती वयात येण्यापूर्वीच होत असे. त्यांच्यापुढे होती ती बालविधवा. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह हे अशाच विधवांकरिता होते. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी ह्या विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व अपिलात ती सौम्य करण्यात आली. त्या प्रकरणावरून वृत्तपत्रांत स्त्रियांची जी निंदा झाली तिला वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. विधवेला पाप करण्यास लावणारा पुरुष नामानिराळा राहतो व शिक्षा एकटीला होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. यवतमाळच्या कुमारी मातांविषयीच्या चर्चेस हाच युक्तिवाद सव्वाशे वर्षांनंतर अक्षरशः लागू पडावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

१८६० च्या दंडसंहितेने गर्भपात घडवून आणणे हा कलम ३१२ खाली गुन्हा ठरविला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्‌भावनेने केलेली कृती एवढाच त्याला अपवाद होता, आणि स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही त्या कलमाच्या कक्षेत येत होती. त्याच संहितेने संमतीचे वय १० ठरविले. रखमाबाईंच्या खटल्याने आणि बंगालमधील फुलमणीच्या मृत्यूने उठलेल्या वादळानंतर १८९१ मध्ये ते १२ झाले. पुढे १९२५ मध्ये विवाहाबाहेर ते १४, व १९४९ मध्ये १६ करण्यात आले. मुलीच्या विवाहाचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने १४, १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाले.

ह्या दोन आकड्यांच्या वाढीकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. विवाहाचे वय जसजसे पुढे गेले तसतसा वयात येणे व लग्न होणे ह्यांमध्ये एक अवकाश निर्माण झाला. त्या अवकाशात जी मुलगी उभी राहिली ती पूर्वीच्या कायद्याला अपरिचित होती. मध्य भारतातील आदिवासी समाजांत मात्र वयात आल्यानंतरचे लग्न ही बहुधा जुनीच रीत असल्याने हा अवकाशही जुनाच होता, आणि त्याचे नियमन जमातीच्या पंचायतीकडून होई. पुरुष जमातीतीलच असला तर पंचायतीचा शब्द त्याला बांधू शकत असे. तो बाहेरचा असला म्हणजे पंचायतीचा हात त्याच्यापर्यंत पोचत नसे. कायद्याचा हात पोचण्यास हरकत नव्हती: १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खाली अनौरस अपत्याच्या पोटगीचा दावा दंडाधिकाऱ्यापुढे आणता येत असे, व १९७३ च्या संहितेच्या कलम १२५ ने तो हक्क कायम ठेवला. परंतु त्यासाठी पितृत्व सिद्ध करावे लागे, आणि नदीपलीकडे गेलेल्या माणसाचा पूर्ण पत्ता पोडावरच्या मुलीजवळ क्वचितच असे.

३. संततिनियमनाची चळवळ व विवाहाची अट

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार मांडण्यास र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढून आरंभ केला. १९२७ ते १९५३ ह्या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून त्यांनी हा विषय वैद्यकीय व नैतिक अशा दोन्ही अंगांनी चालविला व त्यापायी नोकरी, प्रतिष्ठा आणि न्यायालयातील दंड ह्यांची किंमत मोजली. स्त्रीचे सुख व तिचा निर्णय विवाहाच्या चौकटीवर अवलंबून ठेवण्यास ते तयार नव्हते, म्हणूनच त्यांचा पक्ष एकाकी राहिला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा अशासकीय ठराव पी. जे. रोहम ह्यांनी मांडला. त्यामागील विवेचन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. दारिद्र्य व बायकांची आरोग्यहानी हा त्या विवेचनाचा आधार असून ठराव नामंजूर झाला.

१९५२ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेबरोबर कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला, तो मात्र कर्व्यांच्या भूमिकेवरून झाला नाही. त्याचे नावच त्याची मर्यादा सांगते. कुटुंब झाल्यानंतर ते लहान ठेवणे हा त्याचा हेतू, लोकसंख्या हा त्याचा हिशेब आणि विवाहित जोडपे हा त्याचा विषय होता. आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेजवळ पात्र जोडप्यांची नोंदवही आली. तीत विवाहित स्त्रियांचीच नावे असत. १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळात हा हिशेब शिगेस पोचला. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या यंत्रणेने विवाहित माणसाच्या दाराशी नको असता साधन नेले, तिनेच अविवाहित मुलीला हवे असता ते दाखविले नाही. जी नोंदवहीत नाही ती मागणीतही नाही, असा हा कारभार होता.

४. १९७१ चा कायदा आणि पालकाची सही

गर्भपाताविषयीच्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी भारत सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस सादर झाला व त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भसमाप्ती कायदा तयार होऊन १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद यवतमाळ जिल्ह्यातीलच गहुली गावच्या वसंतराव नाईक ह्यांच्याकडे होते. ह्या कायद्याने हजारो स्त्रियांचे प्राण वाचविण्याचा मार्ग उघडला, ह्यात शंका नाही. परंतु कुमारिकेच्या दृष्टीने त्यात दोन गाठी राहिल्या.

पहिली गाठ अशी की, गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याने राहिलेला गर्भ हा मानसिक आघात मानण्याची सवलत कायद्याने केवळ विवाहित स्त्री व तिचा पती ह्यांनाच दिली. अविवाहित मुलीने साधन वापरले असेल ही शक्यताच कायद्याने गृहीत धरली नाही. तिला बलात्कार तरी सांगावा लागे किंवा अन्य प्रकारचा मानसिक आघात. ही तरतूद २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे टिकली. त्या दुरुस्तीने ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा शब्दप्रयोग आला. दुसरी गाठ अशी की, अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकाची लेखी संमती अनिवार्य झाली, व ती आजही आहे.

ह्या गाठींचा परिणाम कसा होतो हे बेला गणात्रा व सिद्धी हिरवे ह्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील किशोरवयीन मुलींच्या गर्भपातांविषयी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून दिसते. गुप्ततेच्या गरजेपोटी अविवाहित मुली उशिरा येतात व मान्यताप्राप्त केंद्राऐवजी अन्यत्र वळतात, असे त्यातून निष्पन्न झाले. विदर्भापुरते पाहावयाचे तर राणी व अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. जेथे विवाहित बाईसुद्धा आपले दुखणे सांगत नाही, तेथे कुमारिकेने पालकाची सही घेऊन शस्त्रक्रियागृहात यावे ही अपेक्षा कागदावरची आहे.

५. गोळीचे आगमन

समागमानंतर संप्रेरके देऊन गर्भधारणा टाळण्याची पद्धत कॅनडातील डॉ. युझ्पे ह्यांनी १९७४ मध्ये मांडली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतील प्रयोगाने असे दाखविले की, केवळ लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक अधिक गुणकारी असून त्याचा त्रासही कमी होतो. दीड मिलिग्रॅमची मात्रा बहात्तर तासांच्या आत घ्यावयाची; जितकी लवकर तितकी परिणामकारक. तिचे कार्य मुख्यतः बीजमोचन लांबविण्याचे आहे. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, आणि म्हणून १९७१ च्या कायद्याचा तिच्याशी संबंध येत नाही. हा भेद शास्त्रात स्वच्छ असला तरी लोकांच्या बोलण्यात, आणि कित्येकदा औषधांच्या दुकानातही, तिला गर्भपाताची गोळी असेच म्हटले जाते. २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेले मिफेप्रिस्टोन हे औषध गर्भपाताकरिता आहे. दोहोंची गल्लत झाल्याने एकीवरची बंधने दुसरीवर लादली जातात.

भारताच्या कुटुंबकल्याण कार्यक्रमात तातडीची गोळी २००२-०३ च्या सुमारास आली व २००५ मध्ये ती चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. २००७ मध्ये सिप्ला कंपनीने ‘आय-पिल’ नावाने ७५ रुपयांस ती बाजारात आणली आणि दूरचित्रवाणीवर तिच्या जाहिराती झळकू लागल्या. त्याच २००७ साली महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमास मनाई केली. एकाच वर्षी वस्तू घरात आली व तिचा अर्थ सांगणारा शिक्षक वर्गाबाहेर गेला. गोळीची माहिती देण्याचे काम त्यामुळे जाहिरातीवर पडले. जाहिरात शहरातील मध्यमवर्गीय घरासाठी केलेली होती. निंदणीवर जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ७५ रुपये ही लहान रक्कम नव्हती.

सरकारी बाजूने २०११ मध्ये आशा स्वयंसेविकांमार्फत गर्भनिरोधके घरपोच देण्याची योजना प्रथम काही जिल्ह्यांत व पुढे देशभर सुरू झाली. तीत तातडीच्या गोळीची किंमत दोन रुपये ठेवण्यात आली. किमतीचा अडथळा अशा रीतीने जवळजवळ नाहीसा झाला. परंतु आशा ही त्याच गावची सून किंवा लेक असते, आणि तिच्या हातातील नोंदवही पुन्हा पात्र जोडप्यांचीच असते. अविवाहित मुलीला गोळी देऊ नये असा नियम नाही; ती द्यावी असे काम मात्र कोणाच्याच कर्तव्यांत स्पष्टपणे लिहिलेले दिसत नाही. किशोरवयीनांसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाची सल्लाकेंद्रे निघाली आणि ७ जानेवारी २०१४ रोजी १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. ह्या कार्यक्रमाने कुमारिकेस प्रथमच स्वतंत्र नोंदवही दिली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. मात्र अशी केंद्रे बहुधा रुग्णालयांच्या आवारात असतात, आणि रुग्णालय तालुक्याच्या गावी असते.

६. बहात्तर तास व आठवडी बाजार

आतापर्यंतच्या विवेचनात कायदा व औषध ह्यांचा विचार झाला. तिसरा घटक अंतराचा, व तोच निर्णायक आहे. सरकारी निकषाप्रमाणे आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. निकष डोक्यांच्या संख्येवर बेतलेला आहे. पोड मात्र विरळ आणि दूर दूर असतात, त्यामुळे तेवढीच लोकसंख्या पुष्कळ अधिक रानात पसरलेली असते. औषधांचे दुकान मोठ्या गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी. पोडावरची मुलगी तेथे एकटी सहसा जात नाही. ती जाते आठवडी बाजाराला, चारचौघींबरोबर. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत सात दिवस जातात; गोळीची मुदत तीन दिवसांची आहे. ज्या मुलीचे जगणे बाजाराच्या दिवसाने मोजले जाते तिच्यासाठी बहात्तर तासांची मुदत सुरू होण्यापूर्वीच पुष्कळदा संपलेली असते.

बाजारात पोचल्यावरही दुकानदार ओळखीचा असतो. तो मुलीच्या गळ्याकडे पाहतो, पोत नाही हे त्याला दिसते, आणि तो काही विचारो वा न विचारो, मुलीला विचारल्यासारखेच होते. शहरातील मुलीला दुसऱ्या वस्तीतील दुकान गाठता येते. अनोळखीपणा ही शहराची मोठी देणगी असून ती खेड्याला मिळालेली नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी गोळी आणून देतो तो पुरुष. मोटारसायकल त्याच्याकडे, पैसा त्याच्याकडे आणि बाजारात फिरण्याची मोकळीकही त्याच्याकडे असते. गोळी घ्यावी की नाही, हा निर्णय त्यामुळे मुलीच्या हातून निघून त्याच्या मर्जीवर येऊन ठेपतो. मुलीला स्वाधीनता देणारे म्हणून जे साधन निर्माण झाले, ते अंतरामुळे तिला अधिकच पराधीन करते.

७. संरक्षणाचा कायदा व त्याची दुसरी बाजू

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ह्या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला व १९७८ मध्ये आरोपी सुटले. ह्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार ह्या चार प्राध्यापकांनी उघडे पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. विदर्भातील आदिवासी मुलीच्या संमतीचा अर्थ काय, हा प्रश्न भारतीय कायद्यात अशा रीतीने केंद्रस्थानी आला. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याने, म्हणजे ‘पॉक्सो’ने, तो अठरा वर्षांखालील मुलीपुरता निकालात काढला: तिची संमती ही कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे.

हा कायदा लबाड ठेकेदाराविरुद्ध एक समर्थ शस्त्र होय. त्याच कायद्याच्या कलम १९ ने मात्र गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन घातले, व कलम २१ ने ते न पाळणाऱ्यास शिक्षा सांगितली. परिचारिका, आशा, डॉक्टर, शिक्षक हे सर्व त्यात आले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने गोळी मागितली तर देणाऱ्याने ती देऊन गप्प बसावे की ठाण्यात जावे? मुलगा त्याच पोडावरचा, तिच्याच वयाचा असला तर त्याचे काय? ह्या शंकेतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुलीला पुढच्या ठिकाणी पाठविणे, आणि बहात्तर तासांच्या हिशेबात पुढचे ठिकाण म्हणजे नकारच होय. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात ही अडचण ओळखली. अल्पवयीन मुलगी गर्भसमाप्तीसाठी आली असता, ती व तिचा पालक ह्यांनी विनंती केल्यास, डॉक्टराने पोलिसांकडील माहितीत तिची ओळख उघड करण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा दिलासा डॉक्टरापुरता व गर्भसमाप्तीपुरता आहे. गोळी मागणारी मुलगी त्यात स्पष्टपणे येत नाही.

उशीर झाल्यानंतर काय होते ह्याचे उदाहरण २०२४ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात दिसले. चौदा वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीच्या गर्भसमाप्तीस उच्च न्यायालयाने एप्रिलच्या आरंभी नकार दिला. २२ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. आणि २९ एप्रिल रोजी, गर्भ तीस आठवड्यांच्या पुढे गेल्याने आईवडिलांचे मत बदलल्यावर, ती परवानगी मागे घेण्यात आली. देशाची सर्वोच्च यंत्रणा सहानुभूतीने राबूनही काळापुढे हतबल झाली. हे राजधानीच्या शहरात घडले. पोडावरून तर न्यायालयाची पायरीसुद्धा दिसत नाही.

ह्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो व त्याचा विचार अवश्य केला पाहिजे. गोळी सुलभ झाली तर अत्याचार करणाऱ्याचे फावेल आणि गर्भ हा जो एकमेव पुरावा, तोही नाहीसा होईल, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्याचा अंश आहे. पुरुषाच्या हातून येणारी गोळी गुन्हा झाकू शकते, हे वर आलेच आहे. परंतु मुलीच्या पोटातील गर्भ हा पुरावा म्हणून राखावा, असे म्हणणे म्हणजे गुन्ह्याचा तपास मुलीच्या देहावर सोपविणे होय. शिवाय अनुभव उलट आहे. कुमारी मातांच्या बाबतीत पुरावा जिवंत, चालताबोलता समोर असूनही पित्याचा शोध लागला असे क्वचितच घडले. गोळी देणारा हात विश्वासू स्त्रीचा असेल तर मुलगी तिच्याशी बोलते, आणि बोलणे हाच तपासाचा खरा आरंभ असतो. गोळी घेतल्याने रोगापासून रक्षण होत नाही व नेहमीच्या गर्भनिरोधनाची जागाही ती घेऊ शकत नाही, ह्या गोष्टी सांगण्यासही तेच संभाषण उपयोगी पडते.

८. समारोप

१८६० पासूनच्या ह्या इतिहासात एक सूत्र सतत आढळते. बालहत्या प्रतिबंधक गृह, दंडसंहितेचे कलम, पोटगीचा दावा, गर्भसमाप्तीचा कायदा, पॉक्सो आणि न्यायालयाचे हुकूम, ह्या सर्वांची तरुण मुलीशी गाठ पडते ती घटना घडून गेल्यानंतर. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम घटनेपूर्वी येतो, पण विवाहाच्या दारातून येतो, आणि जिचे लग्न झालेले नाही तिच्या घरी तो थांबत नाही. तातडीचे गर्भनिरोधक हे ह्या दोहोंमधल्या तीन दिवसांत पोचण्याची मागणी करणारे पहिलेच साधन होय. ही मागणी पुरी करण्याजोगी यंत्रणा राज्याने अद्याप उभी केलेली नाही. उभे आहेत ते पूर्वीचेच दोन मार्ग: एक जोडप्यांचा, दुसरा गुन्ह्यांचा.

यवतमाळच्या पोडांवरून पाहिले असता सुधारणेची दिशा कठीण वाटत नाही. गोळी दोन रुपयांची आहे, ती वाटणारी बाई गावात आहे, कायद्यात मनाई नाही. उणीव आहे ती दोन ओळींची: अविवाहित मुलीने मागितली असता गोळी द्यावी ही एक ओळ आशेच्या कर्तव्यांत, आणि ती दिल्याबद्दल देणारीवर गुन्हा येणार नाही ही दुसरी ओळ कायद्यात. पुरुषाला जबाबदार धरण्याचे काम त्याने संपत नाही. पितृत्वाचा शोध, पोटगी व शिक्षा ह्यांचा मार्ग आज आहे त्याहून सोपा व्हावयास हवाच. ताराबाई शिंद्यांनी विचारलेला प्रश्न त्याशिवाय सुटत नाही. परंतु तो सुटेपर्यंत प्रत्येक हंगामात कापसाच्या रानात जाणाऱ्या मुलींना थांबावयास लावणे न्याय्य ठरणार नाही. त्यांच्यापाशी वर्षे नसतात, तासच असतात.